वजन उतरत असताना बेतलेले कपडे : लातूरमधील एका शिक्षिकेचे प्रकरण

लातूरच्या गंजगोलाईपासून पायी दहा मिनिटांवर माझे शिलाईचे दुकान आहे आणि माझ्या मापाच्या वहीत एका गिऱ्हाइकाचे पान २०१६ सालापासून चालू आहे. औसा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत त्या शिक्षिका आहेत. वय ४४, उंची पाच फूट दोन इंच. ओळख उघड होऊ नये म्हणून येथे त्यांचा उल्लेख केवळ ‘मॅडम’ असा करते. दुकानातही मी त्यांना तसेच म्हणते आणि त्या मला ताई म्हणतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या सुटीत, त्यांच्यावर जठराचा मोठा भाग काढून टाकणारी, स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया पुण्यातील एका रुग्णालयात झाली. त्या वेळी त्यांचे वजन ११२ किलो होते; आज ते ७४ आहे. पुढील लेखन या दोन आकड्यांच्या मधल्या काळातील कपड्यांविषयी आहे, आणि त्या काळातील पहिली मोठी चूक माझी आहे हे आधीच सांगितलेले बरे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मॅडम अकरा ब्लाऊज घेऊन आल्या. वजन ९५ किलोवर आले होते, छातीचे माप ४८ इंचांवरून ४४ वर उतरले होते आणि सगळे ब्लाऊज अंगात गोणपाटासारखे लोंबत होते. मी नेहमीप्रमाणे बाजूच्या शिवणी आत घेतल्या. एका बाजूला पुढच्या भागातून एक इंच आणि पाठीतून एक इंच, दोन्ही बाजू मिळून चार इंच, असा सरळ हिशेब होता. दुकानातील आरशासमोर उभे राहिल्यावर ब्लाऊज बरा दिसला, त्या समाधानाने गेल्या आणि चौथ्या दिवशी अकराही ब्लाऊज परत घेऊन आल्या. त्यांची तक्रार अशी, की फळ्यावर लिहायला हात वर केला की सबंध ब्लाऊज वर चढतो, पदराखालून पोट उघडे पडते आणि खांदा दंडावर घसरतो. मी त्यांना दुकानाच्या भिंतीवरच खडूने तारीख लिहायला सांगितली, तेव्हा दोष लगेच डोळ्यांपुढे आला. छाती चार इंच कमी केली होती, पण मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईची, खोली ४८ च्या मापाचीच, म्हणजे नऊ इंच राहिली होती. खांदा पूर्वीइतकाच रुंद होता, गळाही तेवढाच पसरट होता आणि टक्सची (छातीला आकार देणाऱ्या चुण्यांची) टोके जेथे यायला हवीत त्याच्या दीड इंच खाली आणि बाहेरच्या अंगाला आली होती. मुंढा खोल असला की बाही काखेशी न सुरू होता बरगडीशी सुरू होते, आणि मग हात उचलला की बाही सगळे अंग बरोबर घेऊन उठते.

मूळ कपडा एका मापाने बेतलेला असतो आणि कडेची शिवण आत घेतल्याने फक्त त्याचा घेर बदलतो, बेत बदलत नाही, ही गोष्ट मी विद्यार्थिनींना शिकवत आले आहे. तरीही हातात टेप आणि समोर घाईत असलेले गिऱ्हाईक असले की ती विसरता येते. त्यानंतर मी स्वतःपुरता एक नियम ठेवला. छातीत दोन इंचांपर्यंतचा फरक बाजूंनी घ्यावा. तीन-चार इंचांचा असेल तर बाही उसवून मुंढा आणि खांदा पुन्हा कापावा. त्याहून अधिक असेल तर जुन्या ब्लाऊजवर मेहनत घालू नये, कापड उसवून नव्याने बेतावे किंवा तो बाजूला ठेवावा. त्या अकरांपैकी चार ब्लाऊज मी पैसे न घेता खांद्यापासून दुरुस्त करून दिले. बाकीचे सात पडून राहिले, कारण ते दुरुस्त होईपर्यंत पुन्हा मोठे होणार हे दोघींनाही कळून चुकले होते.

अशा शस्त्रक्रियेनंतर पहिल्या सहा महिन्यांत वजन सर्वांत वेगाने उतरते, पुढे वेग मंदावतो आणि साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान ते एका पातळीवर येऊन थांबते. मॅडमचे वजन मे महिन्यात ८६, सप्टेंबरमध्ये ७९ आणि डिसेंबरमध्ये ७६ होते. पण वजनाच्या काट्यावरून कपडा बेतता येत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात फक्त तीन किलो उतरले, तरी कमरेचा घेर दोन इंचांनी घटला. उलट पहिल्या तीन महिन्यांत सतरा किलो उतरूनही दंडाचा घेर जेमतेम एका इंचाने कमी झाला होता. चरबी जाते, पण अनेक वर्षे ताणलेली त्वचा त्या प्रमाणात आक्रसत नाही. तिच्यातील लवचिकपणा देणारे धागे एकदा विरले की व्यायामानेही ते पूर्ववत होत नाहीत. पोटाखाली, दंडाच्या मागच्या बाजूला आणि मांड्यांच्या आतल्या अंगाला ती मोकळी लोंबते आणि शरीराच्या हालचालीबरोबर जागा बदलते. म्हणून मी दंडाचे माप तीन वेळा घेऊ लागले: हात खाली सोडून, कोपरात वाकवून आणि डोक्यावर उचलून. मॅडमच्या बाबतीत पहिल्या आणि तिसऱ्या मापात पावणेदोन इंचांचा फरक निघाला. दंडाच्या मध्यावर संपणारी घट्ट बाही त्या मोकळ्या त्वचेत रुतते आणि तिच्या खाली वळी पडते. त्यामुळे बाही कोपराच्या किंचित वर न्यायची आणि तिचे कापड उभ्या धाग्यावर न कापता उरेब, म्हणजे तिरके, कापायचे, म्हणजे ते दंडाबरोबर ताणले जाते आणि पुन्हा जागेवर येते, असे ठरले. उरेब कापडाला पन्हा (कापडाची रुंदी) जास्त लागतो, पण ब्लाऊजपीस ४८ च्या मापाने घेतलेले असल्याने कापडाची वाण नव्हती.

दरम्यान, मार्च २०२४ मध्ये, शासनाने शिक्षकांच्या पेहरावाविषयी निर्णय काढला. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा असा पोशाख करावा आणि जीन्स, टी-शर्ट, गडद रंगाचे वा चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळावेत असे त्यात सांगितले होते. मॅडमचा पर्याय त्यामुळे दोनच प्रकारांत आला. पंजाबी ड्रेस हा वजन उतरण्याच्या काळात खरे तर सोयीचा कपडा आहे, कारण कुर्त्याला खांद्यापासून सैल पडायची मुभा असते आणि सलवारीच्या नेफ्यात नाडी असल्याने कंबर आपोआप लहान-मोठी होते. पण त्या गावात बावीस वर्षे साडीत वावरलेल्या बाईने एकदम ड्रेस घालणे म्हणजे आणखी एका चर्चेला तोंड फोडणे होते, आणि चर्चा आधीच पुरेशी होती. ‘लई वाळलाव की ओ मॅडम, शुगर लागली का काय?’ हा प्रश्न त्यांना पारावर, एसटीत आणि पालकसभेतही ऐकावा लागला होता. आपल्याकडे अंग भरणे म्हणजे सुख आणि वाळणे म्हणजे दुखणे, हा समज इतका खोल आहे, की शस्त्रक्रियेचा खर्च करून कोणी मुद्दाम वजन उतरवते ही गोष्ट लोकांच्या पचनी पडत नाही. सैल कपड्यांत हे वाळणे अधिकच दिसते, हे मात्र मॅडमनी अचूक हेरले होते. सहा इंच मोठ्या ब्लाऊजमध्ये निरोगी माणूससुद्धा आजारी दिसतो.

त्यामुळे साडीच ठेवायची आणि साडीच्या आतले सगळे बदलायचे, असा निर्णय झाला. साडीला माप नसते असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. साडी जेथे खोचली जाते त्या पातळीवर मॅडमचा घेर ४९ इंचांवरून पुढे ३८ वर आला, म्हणजे अकरा इंच कमी झाला. साडीचे अंगाभोवती साधारण दोन वेढे होतात, तेव्हा बावीस इंच कापड मोकळे झाले. पाच इंचांच्या एका निरीला दहा इंच कापड जाते. परिणाम असा, की पूर्वी सात निऱ्या येत होत्या तेथे नऊ येऊ लागल्या, आणि हा वाढीव जाडपणा नेमका पोटावरील सैल त्वचेच्या घडीवर येऊन बसला. ‘वजन उतरलं तरी पोट तसंच दिसतं’ ही त्यांची तक्रार बऱ्याच अंशी त्या दोन निऱ्यांची होती. आम्ही निऱ्या सहा इंचांच्या रुंद घेतल्या, पदर एक वीत लांब सोडला आणि उरलेल्या कापडाची एक चपटी दुमड डाव्या कमरेशी खोचली. निऱ्या पुन्हा सातांवर आल्या. एवढ्याने झालेला बदल पाहून त्या आरशासमोरून हलेनात, हे मला चांगले आठवते.

परकराचा प्रश्न इतक्या सहज सुटला नाही. नाडीचा परकर शरीरावर एक बारीक रेषा आवळतो. ही रेषा पोटाच्या घडीच्या वर बांधली तर घडी साडीखाली पुढे येते आणि निऱ्या तिच्यावरून छज्जासारख्या सुटतात. खाली बांधली तर घडी नाडीवर ओघळते आणि दोन त्वचांच्या मध्ये घाम साठतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला आणि त्या घडीत लाल चट्टे उठले. त्वचेवर त्वचा घासून आणि ओलावा साठून असा चट्टा येतो व त्यात बुरशीचा संसर्गही होऊ शकतो. त्वचारोगतज्ज्ञांनी मलम दिले आणि ती जागा कोरडी ठेवायला सांगितले. त्याच महिन्यात मॅडमनी कोणाच्या तरी सांगण्यावरून अंग आवळून धरणारा, मासोळीच्या आकाराचा तयार परकर ऑनलाइन मागवला होता. कृत्रिम धाग्याच्या त्या घट्ट कापडात, पंखा बंद पडलेल्या वर्गात पाच तास काढल्यावर चट्टे मांड्यांपर्यंत उतरले. अशा परकराला मी नावे ठेवत नाही. वातानुकूलित मंगल कार्यालयात दोन तासांसाठी तो उत्तम आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो रोज वापरायचा कपडा नव्हे, शिवाय तो रोज धुवावा लागतो आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये धुण्याचे पाणीही मोजून वापरावे लागते.

शेवटी मी परकराला नाडीऐवजी सुती होजियरीचा, सहा इंच रुंद, दुहेरी पट्टा लावला. हा पट्टा घडीला खालून उचलून सबंध पोटावर पसरून बसतो, त्यामुळे दाब एका रेषेवर येत नाही. पट्ट्याच्या आत, घडीच्या जागी, जुन्या मऊ धोतराच्या कापडाची सुटी पट्टी ठेवायची आणि दुपारच्या सुटीत ती बदलायची, अशी सोय केली. पट्टा एका बाजूला उघडा ठेवून त्यावर हुकांच्या घरांच्या तीन रांगा दिल्या, म्हणजे घेर दीड-दीड इंचाने कमी करता येतो. परकराखाली मांड्या घासू नयेत म्हणून गुडघ्याच्या वर संपणारी सुती होजियरीची चड्डी. दिसायला ही सगळी किरकोळ कामे आहेत आणि त्यांची शिलाईही किरकोळ होते, पण या प्रकरणात सर्वाधिक उपयोग त्यांचाच झाला असे मॅडम अजूनही सांगतात.

आतल्या कपड्यांविषयी बोलताना आपल्याकडे आवाज खाली जातो, आणि माप तर घेतलेच जात नाही. मॅडम अनेक वर्षे दुकानदाराकडे ‘चव्वेचाळीस द्या’ एवढेच सांगत आल्या होत्या. वजन उतरल्यावर छातीखालचा घेर ४२ वरून ३४ वर आला तरी ब्रा तीच होती. तिच्यावर घेतलेल्या मापाचा ब्लाऊज कितीही चांगला बेतला तरी टक्स खालीच जाणार. मी त्यांना आधी दोन नव्या ब्रा घ्यायला लावल्या, दोनच, आणि त्या सर्वांत बाहेरच्या हुकावर बसतील अशा, म्हणजे पुढचे दोन-तीन महिने आतल्या हुकांवर सरकता येते. त्यानंतरच ब्लाऊजचे माप घेतले.

मे २०२४ मध्ये आम्ही फक्त चार ब्लाऊज शिवले: मोतिया, फिका राखाडी, फिका गुलाबी आणि फिका पिस्ता. बहुतेक साड्यांवर यांतला एखादा चालतो आणि शासनाच्या निर्णयातही बसतो. यांना मी माझ्यापुरते ‘पायरीचे ब्लाऊज’ म्हणते. शिंपी एरवी शिवणीत माया, म्हणजे आतले जादा कापड, सोडतो ती गिऱ्हाईक जाड होईल या हिशेबाने. येथे उलटे होते. कपडा आत घेणे सोपे जावे अशा रीतीने तो मुळातच जोडायचा होता. त्यासाठी बाही आधी मुंढ्याला उघडीच जोडली आणि बाहीची खालची शिवण व बाजूची शिवण शेवटी एका सलग ओळीत घातली. पुढे आत घेताना दंडापासून कमरेपर्यंत एकच रेघ मारावी लागते. पाठीला मध्यभागी शिवण दिली, कारण पाठ आणि खांदा तेथून कमी करता येतात. अस्तर पिशवीसारखे आतून उलटवले नाही, तर वरच्या कापडाला धावदोऱ्याने जोडून एकजीव शिवले, म्हणजे दोनदा उसवावे लागत नाही. काठ, लेस किंवा भरतकाम बाजूच्या शिवणीपाशी येऊ दिले नाही. या चार ब्लाऊजनी मे ते नोव्हेंबर असे सहा महिने काढले. मधल्या काळात दोनदा आत घेतले आणि एकदा पाठीची शिवण बदलली. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनाला त्यांनी मोतिया ब्लाऊज घातला होता, तेव्हा तो मुळातल्यापेक्षा साडेतीन इंचांनी लहान झालेला होता. तेवढे कमी करणे त्याला झेपले, कारण मुंढा पहिल्यापासून बेताचाच ठेवला होता आणि पाठीतूनही कापड घेता येत होते.

येथे मॅडमच्या सासूबाईंचे एक बोलणे नोंदवावेसे वाटते. त्या इरकली लुगडे नेसतात आणि खणाची, पुढे गाठ मारायची चोळी घालतात. सुनेचे ब्लाऊज दर दोन महिन्यांनी लातूरला जातात हे पाहून त्या म्हणाल्या, ‘आमच्या चोळीला काय, गाठ आवळली की झालं.’ त्यांचे म्हणणे शिवणशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. गाठीच्या चोळीत काखेखाली वेगळा जोडलेला तुकडा (ठिगळ) असतो, पुढे गाठ असते आणि बाळंतपणे, दुष्काळ, म्हातारपण या सगळ्यांत ती अंगाबरोबर कमी-जास्त होत जाते. हुकांच्या ब्लाऊजने ती सोय घालवली आणि आम्ही ती घरांच्या जादा रांगा लावून परत आणत बसलो आहोत.

इतर काही बदल थोडक्यात. चौथ्या महिन्याच्या सुमारास केस भराभर गळू लागले; वेगाने वजन उतरल्यावर असे होते आणि बहुधा काही महिन्यांत थांबते, तसे ते थांबले. त्या काळात त्यांनी अंबाडा सोडून सैल वेणी घातली. हिवाळ्यात मात्र त्या पूर्वी कधी नाही इतक्या गारठू लागल्या, कारण अंगावरची चरबीची दुलई गेली होती. सकाळच्या शाळेसाठी पूर्ण बाह्यांचा सुती बनियन ब्लाऊजच्या आत घालायला सुरुवात केली, आणि त्याची जागा धरून हिवाळ्याच्या ब्लाऊजचे माप अर्धा इंच वाढवले.

डिसेंबर २०२४ मध्ये पुतणीचे लग्न होते आणि मॅडमना त्यांची नारळी काठाची पैठणी नेसायची होती. तिचा ब्लाऊज २०१८ मध्ये मीच ४८ च्या मापाने शिवला होता आणि त्या वेळी सवयीने भरपूर माया ठेवली होती. तो पूर्ण उसवला, इस्त्री केला आणि ४० च्या मापाने पुन्हा बेतला. बाहीचा जरीकाठ मधोमध राहील असे धरून दोन्ही बाजूंनी कापड कमी केले. जुन्या सुईच्या भोकांची रेघ पाठीच्या मध्यभागी दिसत होती, ती नव्या शिवणीत गडप केली. एवढे सगळे जमून आले आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पाटल्यांनी घोळ केला. आधीच्या वर्षी अडीचच्या बांगड्या हाताला घट्ट होत असत. आता सव्वादोनच्याही सैल पडत होत्या आणि सोन्याच्या पाटल्या हात खाली सोडला की निसटत होत्या. सोनाराने त्या कापून लहान करण्याची तयारी दाखवली. वजन थांबेपर्यंत कापू नका, असे मी सुचवले. कापलेले सोने पुन्हा जोडताना घट येते आणि डाग लागतो, हे सांगायला सोनार लागत नाही. मग पाटल्यांच्या पुढे, पंजाच्या बाजूला, सव्वादोनच्याही खालच्या मापाच्या, घट्ट बसणाऱ्या काचेच्या बांगड्या भरल्या आणि त्यांनी पाटल्या अडवून धरल्या.

मार्च २०२५ पासून वजन ७४ आणि ७५ च्या मध्ये राहिले आहे. सलग चार महिने मापात अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक पडला नाही, तेव्हा जुलैमध्ये नऊ नवे ब्लाऊज शिवले. छाती ३९, खांदा सव्वाचौदा, मुंढा साडेसात, बाही उरेब आणि कोपराच्या एक इंच वर. त्यांना ‘एकदम फिट’ हवे होते. इतकी वर्षे लपवलेले शरीर आता दिसावे ही इच्छा स्वाभाविक आहे आणि मी ती नाकारली नाही, पण छातीत दीड इंचाची मोकळीक ठेवली. फार घट्ट कापड पाठीवरच्या सैल त्वचेच्या वळ्या मोजून दाखवते, फार सैल कापड आजार सुचवते, आणि त्या दोहोंमधली जागा प्रत्येक बाईच्या अंगावर हातानेच शोधावी लागते. हे नवे ब्लाऊज अंगात घातल्यावर त्यांनी न सांगता हात वर केला आणि भिंतीवर बोटाने तारीख लिहिली.

जुन्या कपड्यांपैकी सात ब्लाऊज आणि काही मोठे गाऊन वाकळीत गेले. दोन पंजाबी ड्रेस घरात वापरण्यासाठी उसवून पुन्हा बेतले. ४८ च्या कुर्त्यात ३९ चा कुर्ता निघून वर उशीचा अभ्रा निघाला. पोटावरची जादा त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार सध्या चालू आहे. वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच ती करावी असा डॉक्टरांचा सल्ला होता आणि ती अट आता पूर्ण झाली आहे. निर्णय दिवाळीनंतर होणार आहे. तोपर्यंत रुंद पट्ट्याचे नवे परकर शिवू नयेत असे मी त्यांना सांगितले आहे. त्यांनी आणलेले साडेसात मीटर पॉपलिन माझ्या कपाटात, धुऊन आकसवून, घडी करून ठेवलेले आहे.